सभा, पार्टी आणि बालीगंजचा अड्डा

मराठी वाचकापुढे 'अड्डा' हा शब्द आला की त्याच्या मनात आधी पोलिसांची धाड उभी राहते. जुगाराचा अड्डा, गावठी दारूचा अड्डा, फार तर टांग्यांचा अड्डा; प्रतिष्ठेच्या वस्तीत आपण या शब्दाला सहसा फिरकू देत नाही. बंगालीतही त्याचे कुळ फारसे उजळ नव्हते. गांजेकसांच्या बैठकीला तो लावला जाई, आणि घरंदाज मंडळी आपल्या बैठकीला 'मजलिस' म्हणणे पसंत करीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र या शब्दाची अशी सामाजिक बढती झाली की सुशिक्षित बंगाली माणूस स्वतःच्या संस्कृतीची व्याख्या करताना रवींद्रसंगीताच्या आणि माशाच्या कालवणाच्या जोडीने अड्डाही सांगू लागला. सत्यजित राय यांच्या 1991 च्या 'आगंतुक' या शेवटच्या चित्रपटात याच अभिमानाची एक मार्मिक तपासणी आहे. अड्डा ही बंगाल्यांची निर्मिती, असे कोणी म्हणताच परदेशांतून परतलेले मामा अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यायामशाळांची आठवण करून देतात आणि तिथे काय बोलले जात होते याकडे लक्ष वेधतात. नीरद चौधुरींसारख्यांना तर अड्ड्यात आळसापलीकडे काही दिसत नव्हते.

अड्डा चांगला की वाईट, तो जगला की मेला, हा वाद समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ घातला आहे. दीपेश चक्रवर्तींचा अड्ड्याच्या इतिहासावरील निबंध त्यात सर्वांत विचक्षण आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आणि अधिक मर्यादित आहे. रोजचे बोलणे, म्हणजे ट्रामचे भाडे, मोहनबागानचा गोल, नवा रेडिओ, मंत्रिमंडळाची घडामोड, कोणाच्या मुलीचे लग्न असे विषयहीन, हेतुहीन बोलणे, साहित्याला काय देते? आणि मराठीत तेच बोलणे शिरले तेव्हा त्याचे काय झाले?

या प्रश्नाला हात घालण्यासाठी बुद्धदेव बसू यांचा 'आड्डा' हा निबंध सोयीचा आहे. तो त्यांच्या 'उत्तरतिरिश' (1945) या संग्रहात आहे. निबंधाच्या आरंभीच बसू शब्दाच्या वाटेने विषयात शिरतात. आपण पंडित नाही, व्युत्पत्ती ठाऊक नाही, असे सांगून ते म्हणतात की या शब्दाचा नाद संस्कृत वळणाचा नाही. त्याला हिंदू करून 'सभा' म्हटले तर त्यात काही उरत नाही, आणि इंग्रजी करून 'पार्टी' म्हटले तर त्याचा प्राणच जातो. विनोदाच्या आवरणातले हे विधान मला मोलाचे वाटते, कारण त्यात अड्ड्याची व्याख्या त्याच्या दोन शत्रूंमधून केली आहे. सभेला अध्यक्ष असतो, विषय असतो, ठराव असतो. पार्टीला यजमान असतो, निमंत्रण असते आणि कोण आले, कोण आले नाही याची नोंद असते. अड्ड्याला यांपैकी काही नसावे, असा बसूंचा आग्रह आहे. या दोन शब्दांकडे मराठीच्या संदर्भात पुन्हा यावे लागेल.

बसूंनी हे लिहिले ते बालीगंजमध्ये राहून, आणि ही गोष्ट किरकोळ नाही. बंगाली अड्ड्याची लोकप्रिय प्रतिमा उत्तर कलकत्त्याची आहे. तिथल्या जुन्या घरांना रस्त्यालगत 'रोयाक' असे, आपल्या वाड्याच्या ओट्याचा भाऊ शोभावा असा. येणारा-जाणारा त्यावर टेकत असे. नारायण गंगोपाध्याय यांचा टेनिदा आपली फौज घेऊन पटलडांग्याच्या अशाच रोयाकावर बसतो. दक्षिणेकडील बालीगंज ही त्या मानाने नवी वस्ती. कायदा होऊन इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट 1911 नंतर कामाला लागला, रुंद रस्ते पाडले गेले, ढाकुरियाचे मोठे तळे खोदले गेले. घरे रस्त्यापासून मागे सरली, पुढे फाटक आले, आणि ओटा गेला. शिवाय इथे राहायला येणाऱ्यांत पूर्व बंगालमधून आलेला नोकरदार, प्राध्यापक, वकील असा वर्ग मोठा होता. त्याला ओट्यावरचा वारसाहक्क नव्हता. बसू स्वतः कोमिल्ल्यात जन्मलेले, ढाक्यात शिकलेले. बालीगंजमध्ये अड्डा म्हणून रस्त्यावरून घरात आला, दिवाणखान्यात बसला. त्यात त्याचे थोडे नुकसान झाले: आता येणाऱ्याला फाटक उघडावे लागे, म्हणजे ओळख लागे. पण दोन गोष्टी मिळाल्या. घरातल्या स्त्रीला त्यात बसण्याची शक्यता निर्माण झाली, आणि बोलण्याच्या शेजारी लिहिण्याचे टेबल आले.

ते टेबल पहिल्यांदा आले ब्राइट स्ट्रीटवर. प्रमथ चौधुरी आणि त्यांच्या पत्नी, रवींद्रनाथांच्या पुतणी इंदिरादेवी, यांच्या 'कमलालय' या घरी जमणाऱ्या मंडळींत अतुलचंद्र गुप्त, धूर्जटिप्रसाद मुखोपाध्याय यांच्यासारखे लोक होते. पुढे भौतिकशास्त्रात ज्यांचे नाव आइन्स्टाइनबरोबर जोडले गेले ते तरुण सत्येंद्रनाथ बसूही त्यांत होते. या वर्तुळाचे मासिक म्हणजे 1914 साली निघालेले 'सबुज पत्र'. त्याने बंगाली गद्याला जे दिले ते समजण्यासाठी मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी बंगालीत लिहिण्याची आणि बोलण्याची क्रियापदे वेगळी होती. 'साधु' भाषेत लांब, भारदस्त रूपे. घरात आखूड, घासलेली. सुशिक्षित माणूस एका भाषेत चहा मागे आणि दुसरीत चहाविषयी लिही. 'बीरबल' या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रमथ चौधुरींनी 'सबुज पत्रा'तून ही भिंत पाडण्याचा पक्ष घेतला आणि 'चलित' भाषेला, म्हणजे बोलण्यातल्या रूपांना, गंभीर गद्याचे आसन दिले. रवींद्रनाथ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांची 'घरे बाइरे' ही कादंबरी याच मासिकातून 1915-16 मध्ये चलित भाषेत क्रमशः आली.

या परिवर्तनाची कारणे भाषाशास्त्रज्ञ अनेक देतील, आणि सर्वच श्रेय एका दिवाणखान्याला देणे हास्यास्पद होईल. तरी प्रमथ चौधुरींचे वाक्य वाचताना जाणवते की ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत रचलेले आहे. ते मध्येच तोडले जाण्याची शक्यता गृहीत धरते. आक्षेप येण्याआधी स्वतःच तो घेते, उपहासाने त्याला बाजूला सारते आणि पुढे जाते. सभेतील वक्त्याचे वाक्य अशा धास्तीत नसते. त्याला टाळ्यांची जागा ठाऊक असते. अड्ड्याने गद्याला दिले ते हे: तोडले जाण्याची तयारी असलेले वाक्य. विषयांची यादी कालांतराने शिळी होते, वाक्याची ही ठेवण टिकते.

प्रमथ चौधुरींच्या 'चार-इयारी कथा' (1916) या पुस्तकाचा घाटही बैठकीचाच आहे. वादळी संध्याकाळ, क्लबात अडकलेले चार मित्र, आणि प्रत्येकाने सांगितलेली आपल्या प्रेमाची एकेक कहाणी. प्रत्येकाची कहाणी बोलण्याच्या ओघात येते आणि दुसऱ्याच्या कहाणीच्या प्रकाशात जरा तिरपी दिसू लागते. मात्र इथेच एक अडचणही उघडी पडते. हे चौघे सर्व पुरुष आहेत, आणि ज्या स्त्रियांविषयी ते बोलतात त्या तिथे नाहीत.

म्हणूनच 'सबुज पत्रा'तील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी रचना प्रमथ चौधुरींची नाहीच. ती रवींद्रनाथांची 'स्त्रीर पत्र' (1914) ही कथा. मधली सून मृणाल पुरीहून नवऱ्याला पत्र लिहिते आणि माखन बडाल गल्लीतल्या सत्तावीस नंबरच्या घरात परतणार नाही असे कळवते. पत्र चलित भाषेत आहे. ज्या भाषेत घरातले पुरुष बाहेरच्या बैठकीत गप्पा मारत असतील, तीच ही भाषा. फक्त ती आता आतल्या खोल्यांतून, आणि तीही घर सोडल्यावर, बोलते आहे. पुरुषांच्या मोकळेपणासाठी घडवलेले साधन पहिल्याच वर्षी अशा स्त्रीच्या हाती जावे जिला त्या मोकळेपणात बसण्याची जागा नव्हती, यात अड्ड्याची सर्वांत मोठी साहित्यिक कमाई आणि त्याच्यावरचा सर्वांत मोठा आरोप, दोन्ही एकत्र आले आहेत.

दुसरे टेबल रासबिहारी अॅव्हेन्यूवर, 202 क्रमांकाच्या घरात. बुद्धदेव आणि प्रतिभा बसू 1937 साली तिथे राहायला आले आणि 1966 पर्यंत राहिले. घराचे नावच 'कविता भवन' पडले, कारण 1935 साली सुरू झालेले 'कविता' हे त्रैमासिक तिथून निघे. आरंभी प्रेमेंद्र मित्र सहसंपादक होते, समर सेन मदतीला होते. सुभाष मुखोपाध्याय यांचा 'पदातिक' (1940) तिथूनच प्रसिद्ध झाला. 1942 मध्ये तिथून 'एक पयसाय एकटि' ही पुस्तिकामाला निघाली: सोळा पानांत सोळा कविता, किंमत चार आणे, म्हणजे पैशाला एक कविता. युद्धाच्या काळातली ही योजना एखाद्या प्रकाशनसंस्थेच्या सभेत मंजूर झाली असती असे वाटत नाही. तिच्या नावात गप्पांमधली थट्टा आहे, हिशेबातही आहे. जीवनानंद दास यांची 'वनलता सेन' ही आधुनिक बंगाली कवितेची ओळख बनलेली पुस्तिका याच चार आण्यांच्या मालेत प्रथम आली.

या घराविषयी लिहिताना प्रतिभा बसूंना 'यजमानीण' म्हणून एका ओळीत उरकण्याची चाल आहे. त्या लेखिका होत्या, आणि लग्नाआधी राणू सोम या नावाने त्यांच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. अड्ड्याचे गुणगान करणाऱ्या निबंधांत चहा येतो, मुढी येते, तळलेले काहीबाही येते. ते कोणी केले हे क्वचित येते. घरात आलेल्या अड्ड्याने स्त्रीला खुर्ची दिली हे मी वर म्हटले, पण त्या खुर्चीवरून तिला वारंवार उठावे लागे हेही म्हटले पाहिजे.

बोलण्याचे साहित्यात रूपांतर होताना आणखी एक गोष्ट घडते. अड्ड्यात सर्व समान असतात अशी समजूत. कथेत मात्र एक जण बोलू लागतो आणि इतर श्रोते होतात. 'कविता'च्या पहिल्या वर्तुळातल्या प्रेमेंद्र मित्रांनी 1945 साली 'मशा' या कथेतून घनादाला जन्म दिला. बहात्तर नंबर बनमाली नस्कर लेनमधल्या मेसमध्ये आरामखुर्चीत बसलेला हा बढाईखोर शिशिरकडून सिगारेटी उसन्या घेतो आणि जगातल्या प्रत्येक बेटावर, प्रत्येक शास्त्रीय शोधाच्या जागी आपण हजर होतो असे सांगतो. विज्ञान, यंत्रे, भूगोल, राजकारण हे गप्पांचे सर्व विषय त्यात आहेत, आणि माहिती थक्क करणारी आहे. परंतु गौर, शिबू, शिशिर हे हळूहळू घनादाला बोलते करण्याची युक्ती एवढेच उरतात. साहित्याने अड्डा न टिपता अड्डेबाज टिपला. हा दोष प्रेमेंद्र मित्रांचा नाही. बरोबरीच्या पाच जणांचे बोलणे, ज्यात कोणाचाच विजय होत नाही, कथेच्या साच्यात बसवणे फार कठीण आहे.

त्याला एक अपवाद आहे, पण तो ललित साहित्यात मोडत नाही. सुधींद्रनाथ दत्त यांच्या 'परिचय' या 1931 साली सुरू झालेल्या त्रैमासिकाची मंडळी शुक्रवारी जमत. श्यामलकृष्ण घोष या सदस्याने त्या बैठकींची टिपणे ठेवली होती. ती 'परिचयेर आड्डा' या नावाने पुढे ग्रंथरूप झाली. त्यांत कोणी चमकत नाही. कोण आले, काय निघाले, कुठे भरकटले, कोण रुसले, एवढेच. मार्क्सवादापासून नाटकातल्या नटापर्यंत विषय उड्या मारतात. पण वाचता वाचता कळते की 'परिचय' 1943 साली सुधींद्रनाथांच्या हातून जाऊन डाव्या लेखकांकडे का गेले, याचे उत्तर अग्रलेखांपेक्षा या विस्कळीत शुक्रवारांत अधिक आहे. मतभेद आधी विनोदात उमटतात, मग शांततेत, आणि शेवटी संपादकीयात.

आता मराठीकडे. आपल्याकडे बोलायला जागा कमी नव्हत्या: पार, चावडी, ओटा, कट्टा. आणि मराठी लेखकाला बंगाल्याप्रमाणे दोन क्रियापदांची भिंतही पाडायची नव्हती. तरीही आपल्या साहित्यातली बैठक बसूंनी सांगितलेल्या दोन शत्रूंपैकी एकाच्या ताब्यात जाते असे मला दिसते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 1902 पासूनच्या विनोदी लेखांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तीन मित्र आहेत. अड्ड्याला लागणारे मनुष्यबळ सज्ज आहे. पण तिघे मिळून कुठल्या ना कुठल्या सुधारणेची किंवा रूढीची मोहीम काढतात, आणि तिघांच्याही जिभेवर कोल्हटकरांचीच कोटी असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (1958) मध्ये हा स्वभाव स्वतःकडे पाहून हसतो. चाळकरी गच्चीवर जमतात ते बोलायला. आणि बघता बघता त्यांचे शिष्टमंडळ होते, भ्रमणमंडळ होते, चळवळ होते, मागणी होते. मराठी माणसाच्या गप्पांना अध्यक्ष सापडल्याशिवाय चैन पडत नाही, हे पुलंनी जितके ओळखले तितके आपल्या समाजशास्त्राने ओळखलेले नाही. (बालीगंजपासून फार लांब नसलेल्या हाजरा रोडवर कलकत्त्याच्या मराठी मंडळींचे महाराष्ट्र निवास आहे. परप्रांतात आपण ओटा बांधत नाही. संस्था काढतो आणि गणपती बसवतो. त्याने परक्या शहरातला आधार मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही.) हेच पुलं पन्नाशीच्या उंबरठ्यावर बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्यांनी 'वंगचित्रे' लिहिले. त्या पुस्तकातला पुलंचा आनंद मला नेहमी असा वाटतो: हा माणूस इथे वक्ता नाही, श्रोता आहे, आणि त्याला ते आवडते आहे.

दुसरा शब्द, पार्टी, याने मराठीला एक थोर नाटक दिले. महेश एलकुंचवारांच्या 'पार्टी'त (1976) दमयंती राणे यांच्या घरी पुरस्कारप्राप्त नाटककार बर्वे यांच्या सन्मानार्थ लेखक, नट, आश्रयदाते जमतात. बोलण्याचे सर्व साहित्य आहे: राजकारण, रंगभूमी, कोण कोणाबरोबर राहतो. पण इथे प्रत्येक वाक्य कोणीतरी ऐकावे म्हणून बोलले जाते, कोणाला उत्तर देण्यासाठी नव्हे. आणि ज्याच्याविषयी सर्वांना बोलावे लागते तो कवी अमृत त्या घरी नाही. तो आदिवासींत काम करतो आहे, आणि त्याच्या मृत्यूची वार्ता शेवटी दिवाणखान्यात येते. बसूंनी थट्टेत म्हटले की पार्टी म्हटल्यास प्राण जातो. एलकुंचवारांनी ते शब्दशः करून दाखवले. मराठीत बरोबरीच्या बोलण्याचे चित्रण नाही अशी तक्रार करताना हे विसरता येत नाही की ते का नाही, याचे सर्वांत कठोर उत्तरही मराठीतच आहे.

आज बोलणे मोठ्या प्रमाणात बोटांनी होते. ट्रामचे भाडे, फुटबॉल, नवे यंत्र, निवडणूक हे सर्व विषय तसेच आहेत, फक्त ते बोलता बोलताच लेखी होतात. श्यामलकृष्ण घोषांनी घरी जाऊन जे आठवून लिहिले ते आता आपोआप साठते. विद्यार्थ्यांनी या साठ्याकडे तुच्छतेने पाहू नये असे मला वाटते. 'सबुज पत्रा'च्या काळातही चलित क्रियापदे छापलेली पाहून पंडितांना किळस आली होती. पण नोंद झाली म्हणजे घोषांचे काम झाले असे नाही. त्यांनी काय गाळले, कोणाच्या गप्प बसण्याची नोंद घेतली, हे साठा करणाऱ्या यंत्राला कळत नाही.

गप्प बसणाऱ्याचा उल्लेख आला म्हणून जीवनानंदांकडे परत जातो. बुद्धदेव बसूंनी त्यांना फार लवकर ओळखले, त्यांच्यासाठी भांडले, त्यांच्या कविता छापल्या. पण जीवनानंद बैठकीचे माणूस नव्हते. संकोची, एकलकोंडे, घोळक्यात अवघडणारे म्हणून ते सर्वांना ठाऊक होते. 'कविता भवना'तल्या हशाचा सर्वांत टिकाऊ ठेवा, ती चार आण्यांची पुस्तिका, त्या हशात फारसा सामील नसलेल्या माणसाची आहे. अड्ड्याला श्रेय द्यायचे तर हेही द्यावे लागेल की त्याने आपल्यात न बसणाऱ्यासाठी पाने राखली. मात्र किती पाने, हा प्रश्न उरतो. 14 ऑक्टोबर 1954 च्या संध्याकाळी फिरून परतताना जीवनानंदांना त्याच रासबिहारी अॅव्हेन्यूवर, देशप्रिय पार्कजवळ, ट्रामची धडक बसली. 22 ऑक्टोबरला रुग्णालयात त्यांचा अंत झाला. मागे राहिलेल्या ट्रंकांत कविताच नव्हे, कथा-कादंबऱ्यांच्या वह्याही निघाल्या, ज्यांचा पत्ता मित्रमंडळींना नव्हता. त्यांतली 'माल्यवान' ही कादंबरी 1973 साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातला नवरा कलकत्त्यातल्या घरात बायकोशी रात्ररात्र बोलत राहतो, आणि तिसरे कोणी ऐकायला नसते.